सेंदाईचे मास्तर आणि लाल शाई

यंदा चवथीला भाची फोंड्याहून घरी आली ती बातमी घेऊनच. जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळालीय, ऑक्टोबरात निघायचं. आरती झाल्यावर पानं वाढेपर्यंत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही तिथं राहून आलात. सगळ्यात कठीण काय असतं? भाषा, थंडी की जेवण?"

मी "जेवण" म्हणून मोकळा झालो. घरचे सगळे हसले. शीतकडीशिवाय ज्याचा दिवस सरत नाही असा माझा लौकिक आहेच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, पोरीने खरंच विचारलं होतं आणि आपण तिला थट्टेवारी उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल आणि माझी एक चूकही कबूल करावी लागेल. ते काम इथं करतो.

गोव्याचा आणि या विषयाचा संबंध तसा फार जुना. जुन्या गोव्यात रस्त्याच्या कडेला सेंट पॉल कॉलेजची कमान एकटीच उभी आहे. बाकी सगळं कॉलेज गेलं. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक जपानी माणूस १५४८ मध्ये इथं शिकायला आला. हातून खून झाल्यामुळे तो गाव सोडून पळाला होता. मलाक्केत त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली आणि तिथून तो दोन सोबत्यांसह गोव्यात पोचला. युरोपीय पद्धतीचं शिक्षण घेणारे हे बहुधा पहिलेच जपानी. आंजिरो काही महिन्यांत पोर्तुगीज लिहा-बोलायला शिकला आणि १५४९ च्या ऑगस्टमध्ये झेवियरला घेऊन कागोशिमाला उतरला. तिथं ख्रिस्ती देवासाठी जपानी शब्द कोणता वापरायचा, हा प्रश्न आला. आंजिरोने सुचवला 'दाइनिची'. हे तर बौद्धांच्या महावैरोचनाचं नाव! ऐकणाऱ्यांना वाटलं, हे भारतातून बौद्ध मताचीच आणखी एक शाखा घेऊन आलेत. चूक कळून तो शब्द टाकून द्यायला झेवियरला दोन वर्षं लागली. परक्या भाषेत शिकणाऱ्याची गोची ती हीच. आपल्याला समजलं असं वाटत असतं, आणि चुकलंय ते सांगणारा कोणी शेजारी नसतो.

साडेतीनशे वर्षांनी वाट उलटी झाली आणि आशियातली पोरं शिकायला जपानकडे निघाली. १८९६ मध्ये चीन सरकारने पाठवलेली पहिली तुकडी १३ जणांची होती. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं. त्याच वर्षी चीनमधली शतकानुशतकं चाललेली सरकारी परीक्षापद्धत बंद झाली. मग तरुणांनी करायचं काय? जपान जवळचं, खर्च युरोपच्या मानाने कमी, लिपीतली चित्राक्षरं ओळखीची. त्या एक-दोन वर्षांत जपानमधल्या चिनी विद्यार्थ्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली असं मानतात. आपल्याकडूनही मुलं जात होती. पंजाबचे पूरणसिंग १९०० मध्ये तोक्योला औषधी रसायनशास्त्र शिकायला गेले. पुढे ते पंजाबीतले मोठे कवी झाले. जपानात काचकाम शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय आपल्या तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्यात शिकवायला आले. महाराष्ट्रात घरोघर एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला हा कारखाना १९०८ चा.

मात्र यजमान देशाच्या मनात काय होतं, ते लवकरच दिसलं. नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानच्या शिक्षण खात्याने चिनी विद्यार्थ्यांवर निर्बंध घालणारे नियम काढले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. वर्तमानपत्रांत त्यांची हेटाळणी झाली. चेन तियानहुआ नावाच्या तरुणाने त्या अपमानाने ८ डिसेंबर १९०५ रोजी ओमोरीच्या समुद्रात जीव दिला. तो तीस वर्षांचा होता.

याच दिवसांत तोक्योपासून लांब, उत्तरेला सेंदाई गावात एक चिनी विद्यार्थी वैद्यकी शिकत होता. नाव चौ शुरन. जग त्याला पुढे लू शुन म्हणून ओळखू लागलं, आधुनिक चिनी साहित्याचा जनक म्हणून. १९०२ मध्ये जपानला आल्यावर ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांच्या संस्थेत दोन वर्षं भाषा शिकून, सप्टेंबर १९०४ मध्ये तो सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाला. शाळेत दुसरा चिनी विद्यार्थी नव्हता. शाळेने फी माफ केली. शिक्षक लोक त्याच्या राहण्या-जेवणाची काळजी करू लागले. पहिली खाणावळ बरी होती, पण तिचा मालक तुरुंगातल्या कैद्यांचंही जेवण पुरवायचा. हे शिक्षकांपैकी एकाला रुचलं नाही. त्याने आग्रह करकरून या पोराला दुसरीकडे हलवलं, आणि तिथं रोज नशिबी आलं अळूच्या देठांचं घशाखाली न उतरणारं सार! हे वाचताना मला हसू आवरलं नव्हतं. आपल्याला अळू म्हणजे सणाचं पान.

शरीररचना शिकवायला फुजिनो गेनकुरो नावाचे मास्तर होते. वय तिशीचं, कपड्यांच्या बाबतीत अगदी गबाळे. आगगाडीत एकदा त्यांचा अवतार पाहून कंडक्टरने प्रवाशांना खिसे सांभाळायला सांगितलं होतं, अशी गोष्ट मुलं सांगत. आठवडाभराने त्यांनी या चिनी पोराला बोलावलं आणि विचारलं, "माझं व्याख्यान उतरवून घेता येतं का तुला? वही दाखव." दोन-तीन दिवसांनी वही परत आली ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल शाईने भरलेली. सुटलेला मजकूर भरला होता, आकृत्या दुरुस्त केल्या होत्या, जपानी व्याकरणाच्या चुकासुद्धा सुधारल्या होत्या. मास्तर शिकवत होते तोवर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, हा क्रम चालू राहिला. एकदा पोराने हाताच्या आकृतीतली रक्तवाहिनी चित्र देखणं दिसावं म्हणून जरा बाजूला सरकवली होती. मास्तरांनी शांतपणे समजावलं, की ती शरीरात जिथं असते तिथंच काढायला हवी. पोराने मान डोलावली आणि मनात म्हटलं, चित्र तर माझंच छान आहे!

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. १४२ जणांत हा ६८ वा. वर्गात कुजबूज सुरू झाली, की फुजिनो मास्तरांनी याला वहीत खुणा करून प्रश्न फोडले. मुलांच्या पुढाऱ्यांनी त्याच्या वह्या चाळल्या. पाठोपाठ निनावी पत्रही आलं. दुबळ्या देशाचा माणूस स्वतःच्या हिमतीवर पास होऊच शकत नाही, हे त्यामागचं गणित. गंमत अशी, की शाळेची गुणपत्रिका पुढे उजेडात आली आणि त्यात मास्तरांच्याच शरीररचना विषयात त्याला ५९.३ गुण आहेत. साठच्याही खाली! ज्याच्यावर मेहेरबानीचा आरोप झाला, त्या मास्तरांनी त्याला अर्ध्या गुणाचीही सूट दिली नव्हती. मला तरी त्या लाल शाईची किंमत या एका आकड्याने कळली.

पुढचा प्रसंग प्रसिद्ध आहे. वर्गात सूक्ष्मजंतूंची चित्रं पडद्यावर दाखवत. वेळ उरला की रशिया-जपान युद्धाची चित्रं लावत. अशाच एका चित्रात रशियनांचा हेर म्हणून एका चिनी माणसाला मारताहेत आणि भोवती उभे राहून बघताहेत तेही चिनीच. वर्ग टाळ्या वाजवत होता. ते नेमकं चित्र पुढे सापडलेल्या संचात मिळालेलं नाही, त्यामुळे अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पण लू शुनने लिहिलंय ते असं, की शरीर बरं करून काय उपयोग, आधी मन बरं करायला हवं, असं त्याला तेव्हा वाटलं. मार्च १९०६ मध्ये त्याने शाळा सोडली. मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून चक्क खोटं सांगितलं, की आता मी जीवशास्त्र शिकणार आहे, तुम्ही शिकवलेलं उपयोगी पडेल. मास्तरांनी घरी बोलावून स्वतःचा फोटो दिला. मागे दोन अक्षरं लिहिली, अर्थ साधारण 'जड मनाने निरोप'. तुझाही फोटो पाठव, पत्र लिहीत जा, म्हणाले.

लू शुनने फोटो पाठवला नाही. पत्रही लिहिलं नाही. आयुष्य रुळावर नव्हतं, कळवण्यासारखं काही नव्हतं. आणि जसजशी वर्षं गेली तसतसं काय लिहावं तेच सुचेना. त्याने तो फोटो मात्र जपला. बीजिंगच्या घरात लिहायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तो लावलेला असे. वीस वर्षांनी, ऑक्टोबर १९२६ मध्ये, त्याने 'फुजिनो मास्तर' हा लेख लिहिला. त्याच्या साहित्याची निवड जपानीत निघणार होती तेव्हा, दुसरं काही घ्या न घ्या पण हा लेख घ्या, असं त्याने आवर्जून कळवलं. १९३५ मध्ये ते पुस्तक निघालं. मास्तर हयात असतील तर कुठून तरी कळेल, ही आशा. पुढच्याच वर्षी लू शुन वारला.

मास्तर हयात होते. पण सेंदाईत नव्हते. त्या शाळेचं रूपांतर साम्राज्य विद्यापीठाच्या वैद्यक विभागात झालं, तेव्हा नव्या नियमांप्रमाणे त्यांची पदवी अपुरी ठरली आणि १९१५ मध्ये त्यांची नोकरी गेली. फुकुई प्रांतातल्या आपल्या गावाकडे जाऊन ते साधे खेडेगावचे डॉक्टर झाले. लू शुन गेल्यावर पत्रकारांनी त्यांना शोधून काढलं, तेव्हा त्यांना त्या विद्यार्थ्याची आठवण अंधूकच होती. १९३७ मध्ये त्यांनी छोटासा लेख लिहिला. लहानपणी आपण एका पंडिताकडे चिनी विद्या शिकलो, त्यामुळे त्या देशाच्या माणसांविषयी आदर होता, एवढंच ते सांगतात. इतक्याशा गोष्टीचं त्या मुलाने इतकं मोठं मानावं याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्याच वर्षी जपानी सैन्य चीनमध्ये घुसलं होतं. ११ ऑगस्ट १९४५ रोजी, युद्ध संपायला चार दिवस असताना, मास्तर वारले. लू शुनच्या त्या वह्या हरवल्या असं तो समजून होता. १९५१ मध्ये त्या त्याच्या गावी, शाओशिंगला सापडल्या. सहा जाडजूड वह्या, लाल शाई शाबूत.

आता माझं सांगतो.

मी ऑक्टोबर १९९१ मध्ये जपानला गेलो. पहिले सहा महिने 'केन्क्यूसेइ', म्हणजे उमेदवार संशोधक. मग प्रवेशपरीक्षा देऊन दोन वर्षं एम्.एस्सी.ची. विषय खाऱ्या जमिनीतलं भात. आमच्या बार्देशातली खाजनं, ते बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडमीट करणारी मानस हेच माझ्या डोक्यात. माझा बेत होता आमच्या खाजनाची माती पिशव्या भरून न्यायचा! निघण्यापूर्वी कळलं, की पिकांवरच्या रोगांच्या भीतीने बाहेरची माती जपानात आणायला बंदी आहे. संशोधनासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. प्राध्यापकांना मी ती मागितली, तर म्हणाले, "आधी आमची माती शीक." समुद्र हटवून केलेल्या त्यांच्या शेतातली माती मी वर्षभर मोजत बसलो. मनातून धुमसत होतो.

बाकीच्या अडचणी सगळ्यांच्याच असतात. खोली भाड्याने घ्यायची तर 'होशोनिन' हवा, म्हणजे जामीन राहणारा जपानी माणूस. शिवाय घरमालकाला 'रेइकिन' द्यायचं, आभार म्हणून, कधीही परत न मिळणारं. प्रयोगशाळेत वयाने लहान पण आधी आलेला मुलगा तुमचा 'सेनपाई', त्याचा मान ठेवायचा. सर उठेपर्यंत कोणी उठायचं नाही, मग काम असो वा नसो. १९९३ चा उन्हाळा भलताच थंड गेला, तिथलं भात बुडालं आणि सरकारला थायलंडहून तांदूळ आणावा लागला. सगळे जपानी त्या लांब, मोकळ्या दाण्याला नाकं मुरडत होते आणि मी दोन वर्षांनी पोटभर जेवलो. हे सगळं सरावतं. सहा महिन्यांत नाही तर वर्षात.

सरावलं नाही ते एकच. प्रबंधाचा पहिला मसुदा सरांकडे दिला. चार दिवसांनी परत आला तो पानोपान लाल. 'साधारणपणे' लिहिलं तिथं विचारलं होतं: किती? 'असे दिसते' लिहिलं तिथं: कोणाला? एका तक्त्यापाशी फक्त प्रश्न होता, हे तू स्वतः मोजलंस ना? माझं डोकं फिरलं. इथं कॉलेजात मी पहिला येणारा! वाटलं, परका म्हणून हे माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. शेजारी बसणाऱ्या सेनपाईला मी हे रागारागाने बोललो. त्याने त्याचा स्वतःचा मसुदा दाखवला. त्यात लाल शाई फारच थोडी होती. "माझं इतकं वाचत नाहीत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित हेवा होता. तो मला तेव्हा ऐकू आला नाही.

माझ्या खोलीसाठी जामीन सरच राहिले होते. तेही मी कामाचा भाग समजलो. १९९४ च्या मार्चमध्ये पदवी घेऊन परतलो. गोव्याच्या मातीवरचा पहिला निबंध छापून आला की पाठवीन, असं स्टेशनावर सांगून आलो. सरांचं नववर्षाचं पोस्टकार्ड दर जानेवारीला येई. दोन वर्षं मी उत्तर दिलं. मग नोकरी, संसार, आईचं आजारपण. निबंध काही लिहून झाला नाही. सांगण्यासारखं काही नाही तर काय लिहायचं, असं म्हणत राहिलो. सरांचं कार्ड येतच राहिलं. २००९ च्या डिसेंबरात करड्या काठाचं कार्ड आलं. घरात मृत्यू झाला की जपानात 'यंदा शुभेच्छा पाठवणार नाही' असं कळवतात, ते. खाली बाईंचं नाव होतं.

लू शुनचा लेख मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर काय, या विचाराला अर्थ नाही.

व्हिएतनामच्या फान बोई चाऊंची गोष्टही मला तेव्हाच कळली. फ्रेंचांच्या गुलामीतून सुटायचं तर शिकायला हवं म्हणून त्यांनी १९०५ पासून मुलं जपानला आणली. सुमारे दोनशे झाली. १९०७ मध्ये जपानने फ्रान्सशी करार केला आणि पाठोपाठ या मुलांना देश सोडावा लागला. १९०९ मध्ये चाऊंनाही. पैशाची ओढ होती तेव्हा आसाबा साकितारो नावाच्या एका जपानी डॉक्टरने त्यांना १७०० येन दिले होते. त्यांच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा तेव्हाचा पगार महिना १८ येन होता म्हणतात. चाऊ काही वर्षांनी लपतछपत परत आले तेव्हा डॉक्टर वारलेले. चाऊंनी शिझुओका प्रांतातल्या त्यांच्या गावी १९१८ मध्ये कृतज्ञतेचा दगड उभारला. पैसे पुरेनात, तर गावकऱ्यांनीच हातभार लावला. दगड आजही आहे.

सरकारं आकडे धरतात. जपानने १९८३ मध्ये ठरवलं एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे, ते २००३ मध्ये जमलं. २००८ मध्ये ठरवलं तीन लाख, ते २०१९ मध्ये. २०२३ मध्ये चार लाखांचं ठरलं आहे, २०३३ पर्यंत. उत्तम आहे. या योजना नसत्या तर मीही गेलो नसतो, माझी भाचीही जात नसती. पण सरकार ज्या हाताने बोलावतं, त्याच हाताने घालवूही शकतं, हे चाऊंच्या मुलांनी पाहिलं. परक्या मुलुखात विद्यार्थ्याला धरून ठेवतं ते दुसरंच काही. आपलं लिहिलेलं कोणीतरी अथपासून इतिपर्यंत वाचतं, आणि आपण परके आहोत म्हणून चूक सोडून देत नाही. तो मान असतो. तिथं असताना तो अपमानासारखा दिसतो, हीच सगळ्यात कठीण गोष्ट. भाषा, थंडी, जेवण हे सगळं त्यानंतर.

भाची निघाली त्या दिवशी मी तिला हे फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "मामा, तो निबंध कुठंय?" अर्धा लिहिलेला कपाटात आहे, म्हटलं. "मग पुरा करा. त्यांच्या बाईंना पाठवता येईल." बाई आता नव्वदीच्या पुढे असतील. पत्ता जुन्या पोस्टकार्डांवर आहे. कालच कपाट उघडून मोजमापांची वही काढली. भरपूर ठिकाणी 'साधारणपणे' लिहिलंय. उद्यापासून खाजनात उतरून पुन्हा मोजायला लागेल.